दहा-अकरा महिन्यांच्या बाळाला पहिल्यांदा होडीत न्यायचंय: दाभोळची फेरीबोट आणि सिंधुदुर्ग किल्ला

मृण्मयी_पुणे | ३ नोव्हेंबर, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. आजवर नुसतीच वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय.

लेक नऊ महिन्यांची आहे, वजन ८ किलो २००. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिला कुलदैवताला, गुहागरला व्याडेश्वराला न्यायचं ठरलंय. पुण्याहून आधी दापोलीला सासूबाईंच्या माहेरी, तिथून दाभोळ-धोपावे फेरीबोटीने गुहागर आणि मग खाली मालवण. सासऱ्यांच्या मनात आहे की नातीला सिंधुदुर्गात शिवराजेश्वराच्या दर्शनाला न्यावं. ते स्वतः सहा वर्षांचे असताना आजोबांचं बोट धरून गेले होते. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आजोबांनी उचलून दाखवला होता, हे ते आजही सांगतात. त्यांना नाही म्हणणं मला जमत नाही आणि खरं तर नाही म्हणायचंही नाही.

पण २०२४ च्या १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीच्या अपघाताची चित्रफीत पाहिल्यापासून होडी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. पंधरा जण गेले त्यात, एक सात वर्षांचा मुलगासुद्धा. मला पोहता येतं, नवऱ्याला येत नाही.

कितव्या महिन्यापासून बाळाला होडीत नेतात? तिला पोटाशी बांधायच्या झोळीत ठेवलं तर जास्त सुरक्षित ना? इतक्या लहान बाळासाठी लाइफ जॅकेट मिळतं का? आणि उलट्या होऊ नयेत म्हणून आधी काही द्यावं का? ज्यांनी प्रत्यक्ष नेलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

राजापूरकर_आबा | ४ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

सूनबाई, इतकी काळजी करू नकोस. पूल नव्हते तेव्हा आमच्या आया आम्हाला पदराखाली घेऊन तरीतून खाडी ओलांडत. बाळंतपणाला माहेरी जाणं-येणं सगळं होडीतूनच. दाभोळची फेरीबोट म्हणजे तर तरंगता रस्ताच, त्यावर एसटीसुद्धा चढते. दहा-पंधरा मिनिटांचं काम. देवाचं नाव घ्या आणि जा.

सिएटलकर | ४ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

मृण्मयी, झोळीबद्दल आधी लिहितो, कारण तुमचा समज जसा आहे तसाच माझाही होता.

लहान होडीत बाळाला झोळीत छातीशी बांधू नका. तुम्ही पाण्यात पडलात तर तुमचं जॅकेट तुम्हाला वर आणेल, पण बाळ तुमच्या छातीशी तोंड पाण्यात जाईल असं अडकलेलं असेल. ओल्या पट्ट्यांच्या गाठी आणि कड्या घाबरलेल्या हातांनी सुटत नाहीत. गाडीच्या सीटमध्ये पट्टे लावून ठेवणंही तसंच, ती सीट तरंगत नाही. बाळाला होडीला किंवा बाकाला ओढणीने बांधणारे लोक मी पाहिले आहेत, ते तर कधीच करू नका. बाळाचं स्वतःचं जॅकेट आणि ते धरणारा एक मोठा माणूस, ज्याच्या अंगात स्वतःचं जॅकेट आहे. एवढंच.

इथे वॉशिंग्टन राज्यात १९ फुटांपेक्षा लहान होडीत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना जॅकेट सक्तीचं आहे. त्यामुळे मुलगी पाच महिन्यांची असताना मी दुकानात गेलो, तर तिथल्या बाईंनी वय विचारलंच नाही, वजन विचारलं. ज्या बाळाला जॅकेट नीट बसत नाही त्याला होडीत नेऊ नका, असाच अमेरिकी तटरक्षक दलाचाही सल्ला आहे. आमच्या मुलीला ते बसेना, हनुवटी आत जायची. आम्ही चौदा महिन्यांपर्यंत थांबलो.

बाळाच्या जॅकेटमध्ये तीन गोष्टी असायलाच हव्यात. मानेमागे मोठी फुगीर कॉलर, म्हणजे डोकं पाण्याच्या वर आणि चेहरा आकाशाकडे राहतो. दोन पायांमधून जाणारा पट्टा, नाहीतर जॅकेट वर आणि बाळ खाली. आणि मानेमागे पकडायला मूठ. हवेने फुगणारी जॅकेटं आणि दंडाला लावायचे फुगे बाळांसाठी नाहीत.

मालवणची_सुवर्णा | ४ नोव्हेंबर, दुपारी २.३०

मी मालवणची. बाबा चाळीस वर्षं दर्यावर, आता भाऊ किल्ल्यावर प्रवासी नेतो. मुद्दाम बाबांना विचारून लिहितेय.

बाबा म्हणाले, "पाण्यात भय नाय, चढता-उतरताना भय." आधी मलाही हे पटलं नव्हतं, पण त्यांनी सांगितलेले प्रसंग सगळे धक्क्यावरचेच. होडी वरखाली होते, धक्का जागेवर असतो. एक पाय धक्क्यावर, एक होडीत आणि कडेवर मूल, अशा वेळी होडी हातभर सरकली की माणूस दोन्हींच्या मधे जातो.

म्हणून बाळाला घेऊन कुणीही चढायचं नाही. आधी एकाने रिकाम्या हातांनी होडीत उतरून पाय रोवून बसायचं. बाळ धक्क्यावरच्या माणसाकडे, जॅकेट आधीच घातलेलं. लाट होडीला वर आणते, होडी धक्क्याच्या सपाटीला येते, तेव्हा खलाशी सांगतो "आता", आणि मगच बाळ हातातून हातात द्यायचं. मागून कुणी घाई करत असेल तर करू दे.

दिवस निवडायचा तर अष्टमीच्या आसपासचा निवडा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं-उतरतं, ओढही जास्त. अष्टमीला भांगाची भरती, पाणी मवाळ. २८ डिसेंबरच्या सुमारास अष्टमी येतेय, तुमचं नशीब चांगलं आहे. आणि सकाळी पहिल्या होड्यांनीच जा. तेव्हा जमिनीवरून मतलई वारा असतो, दर्या गप्प असतो. दुपारी खारा वारा सुटला की परतताना तोंडावर पाणी उडतं. मोठ्यांना त्याची गंमत वाटते, बाळ मात्र दचकून श्वास रोखतं.

किल्ल्यावर जायच्या होडीत बाळाच्या मापाचं जॅकेट असेल, या भरवशावर येऊ नका. मोठ्यांची असतात. ते बाळाला गुंडाळलं तर बाळ त्यातून खाली सटकतं.

बालरोग_कोल्हापूर | ४ नोव्हेंबर, रात्री १०.२०

बालरोगतज्ज्ञ म्हणून दोन-तीन गोष्टी.

उलटीचं औषध देऊ नका. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी-बोट लागण्याचं प्रमाण मुळातच फार कमी असतं. तो त्रास पुढे शाळेच्या वयात वाढतो. आपल्याकडे प्रवासात मूल झोपावं म्हणून 'प्रवासाचं औषध' चमचाभर देण्याची सवय घरोघरी आहे. त्यात बहुधा प्रोमेथाझिन असतं आणि दोन वर्षांखालच्या बाळांना ते द्यायचंच नसतं, श्वास मंदावू शकतो. हे मी बाह्यरुग्ण विभागात रोज सांगते, इथेही सांगते. आजीने प्रेमाने दिलं तरी नाही.

अंगावरचं दूध किंवा खाणं निघण्याआधी अर्धा-पाऊण तास द्या, अगदी चढताना नको. उन्हासाठी पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि हनुवटीखाली बांधायची टोपी. सहा महिन्यांनंतर झिंक ऑक्साइडचं क्रीम चालतं, सहा महिन्यांखालच्या बाळाला सावलीतच ठेवावं. पाण्यावर ऊन खालूनही परावर्तित होतं, त्यामुळे नुसत्या टोपीने भागत नाही. पण तोंडावर ओढणी टाकून झाकू नका, आत फार गरम होतं.

इंजिनाजवळ बसू नका. आवाज आहेच, पण धुराचा त्रास बाळाला आपल्याआधी होतो. मागच्या बाजूला धूर घुटमळतो, म्हणून मधे किंवा पुढे, वारा येतो त्या बाजूला बसा.

आणि एक जोडी कोरडे कपडे, टॉवेलसकट, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून. आपल्याकडचं समुद्राचं पाणी गार नसतं हे खरं, पण ओलं बाळ वाऱ्यात मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर गारठतं.

राजापूरकर_आबा | ५ नोव्हेंबर, सकाळी ७.००

डॉक्टरांचं बरोबर आहे, पण आमच्या वेळी यातलं काहीही नव्हतं आणि आम्ही आहोत.

वेसावकरीण | ५ नोव्हेंबर, सकाळी ११.४५

आबा, मी कोळी आहे. माझी आजी माझ्या बाबांना सहाव्या महिन्यात होडीतून घेऊन गेली होती, हे आमच्याकडे सगळे सांगतात. पण ती बाई लहानपणापासून पाण्यावर वाढलेली. कुठल्या लाटेला गुडघा वाकवायचा, कुठल्या लाटेला बूड टेकून बसायचं, हे तिच्या अंगात होतं. आणि होडी घरची, माणसं घरची, बाजारासारखी गर्दी नाही.

दुसरं सांगते, राग मानू नका. आजीला सात मुलं झाली. एक मुलगी धक्क्यावरून पाण्यात गेली. तिची गोष्ट कुणी सांगत नाही. दरवर्षी नारळी पुनवेला आजी एक नारळ वेगळा सोडायची, तो कुणाचा हे मला लग्न झाल्यावर कळलं.

आम्ही मुलांना पाण्याची भीती घालत नाही. पण हल्ली माझी वहिनी तिच्या मुलाला जॅकेटाशिवाय होडीत पाय ठेवू देत नाही आणि भाऊ तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, असूनही तिला एका शब्दाने अडवत नाही.

राजापूरकर_आबा | ५ नोव्हेंबर, दुपारी १.१५

वेसावकरीण, वाचलं. माझं म्हणणं मागे घेतो. मृण्मयी, जॅकेट घ्या.

भीमाकाठ | ५ नोव्हेंबर, रात्री ९.३०

मी इंदापूर तालुक्यातला. हा धागा समुद्राचा आहे, पण धरणाचं पाणी शांत असतं असं समजून कुणी बाळाची पहिली सफर तिथे करू नये म्हणून लिहितो.

२१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला येणारी होडी उजनीच्या पाण्यात उलटली. सात माणसं होती. एक पोहून बाहेर आला, सहा गेली, त्यात दोन लहान लेकरं आईबापांबरोबर. ही काही हौसेची सफर नव्हती. आमच्याकडे पलीकडच्या गावाला जायचं तर रस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून लोक रोज होडीने जातात. त्या संध्याकाळी वादळी वारं सुटलं आणि उघड्या पाण्यात लाटा उठल्या.

मे महिन्यात दुपारनंतर वळवाचं आभाळ भरतं ते अर्ध्या तासात. पाणी दिवसभर आरशासारखं असतं आणि मग नसतं. आपल्या गावची होडी, ओळखीचा माणूस, रोजचा रस्ता, म्हणून कुणी जॅकेट मागत नाही. मागा. ओळखीच्या माणसाकडे तर हक्काने मागा.

मृण्मयी_पुणे | ६ नोव्हेंबर, रात्री १२.२०

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत. वेसावकरीण ताई, तुमचं वाचून लेकीला झोपेतच जवळ घेतलं.

ऑनलाइन जॅकेटं पाहिली. चित्रात बाळ हसतंय, मासे छापलेत, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय की हे पोहायला शिकण्याचं साधन आहे, जीवरक्षक नाही. किती किलोच्या बाळासाठी, तेही एकावर नाही. सिएटलकर, नेमकं काय वाचायचं?

सिएटलकर | ६ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

आतल्या बाजूला शिवलेली पट्टी वाचा. तिच्यावर वजनाची मर्यादा किलोत हवी आणि मान्यतेचं चिन्ह हवं. युरोपी जॅकेटवर न्यूटनचा आकडा असतो. ५० म्हणजे पोहता येणाऱ्यांसाठी नुसती मदत, बाळासाठी निरुपयोगी. १०० किंवा त्याहून जास्त हवं. अमेरिकी जॅकेटवर तटरक्षक दलाची मान्यता लिहिलेली असते आणि सर्वात लहान माप ३० पौंडांपर्यंतचं, म्हणजे साधारण साडेतेरा किलो. "वाढतं अंग आहे" म्हणून मोठं माप घेऊ नका. शाळेच्या गणवेशाला ते ठीक आहे.

आल्यावर घरीच पाहा. सगळे पट्टे आवळून जॅकेटचे खांदे धरून हलकेच वर उचला. कान किंवा हनुवटी जॅकेटात बुडाली तर ते सैल आहे. मग कमरेइतक्या पाण्यात, तुमचे हात खाली ठेवून, ती उताणी तरंगते का पाहा. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, त्यामुळे मोठ्यांवर जे चालतं ते बाळावर चालेलच असं नाही. प्रत्येक बाळ वेगळं तरंगतं. हे पाण्यातच कळतं.

मृण्मयी_पुणे | ६ नोव्हेंबर, सकाळी १०.००

नणंद हॅम्बर्गला असते, नाताळच्या सुट्टीत येतेय. तिला ५ ते १५ किलोचं, १०० न्यूटनचं सांगितलंय. आलं की कळवते.

रो_रो_प्रवासी | ७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१५

फेरीबोटीबद्दल थोडं. आम्ही भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रोने मुलाला नेलं, तो आठ महिन्यांचा होता. मोठी बोट, तासाभराचा प्रवास, आत बसायला जागा, चढताना उडी नाही, गाडीसकट आत. पहिल्या सफरीला अशी बोट सर्वात बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. दाभोळची लहान आहे, पण तीही सपाट आणि रुंद.

मात्र गाडीत बसून राहू नका. गाडी लावली, हँडब्रेक ओढला, की बाळाला घेऊन बाहेर पडा आणि वर बसायच्या जागेत जा. काही झालंच तर बंद काचांच्या आत पट्ट्यात बांधलेलं बाळ काढायला वेळ मिळत नाही. गाड्या चढता-उतरताना खालच्या डेकवर कडेवर मूल घेऊन उभं राहू नका. उतरण ओली असते आणि चालकाला मागचं दिसत नाही.

मालवणची_सुवर्णा | ७ नोव्हेंबर, रात्री ८.५०

एक राहिलं. होडीवर किती माणसांची परवानगी आहे ते रंगवलेलं असतं. तो आकडा वाचा आणि बसलेली माणसं मोजा. कडेवरच्या मुलांना मोजणीत धरत नाहीत, तुम्ही धरा. जास्त वाटली तर पुढच्या होडीने या. 'नीलकमल'वर शंभराहून जास्त माणसं होती. धडक नौदलाच्या बोटीची होती, ती कुणाच्या हातात नव्हती. पण बोट बुडायला लागल्यावर किती जणांच्या अंगात जॅकेट आहे, ते निघण्याआधीच ठरलेलं असतं.

मालवणला आलात की आमच्याकडे चहाला या. बाबांका नात बघूची आसा.

मृण्मयी_पुणे | २३ डिसेंबर, रात्री ११.३०

जॅकेट आलं. पहिले तीन दिवस घरातच, खेळताना दहा-दहा मिनिटं घातलं. पहिल्या दिवशी आकांत, तिसऱ्या दिवशी कॉलरवर डोकं टेकून खेळण्याशी गप्पा. खांद्यांना धरून उचललं, कान बाहेरच राहिले. मग सोसायटीच्या तलावात दुपारी, पाणी जरा कोमट झाल्यावर. मी आणि नणंद दोघी पाण्यात, हात तिच्या पाठीखाली, आणि मग काढले. ती उताणी तरंगली, आकाशाकडे बघत, एकदम शांत. मलाच रडू आलं. वजन आता ८ किलो ७००.

नवऱ्याने तीन आठवड्यांपूर्वी पोहण्याचा क्लास लावला. अजून नीट येत नाही, पण पाण्यात तोंड घालतो.

मृण्मयी_पुणे | ४ जानेवारी, दुपारी ३.००

परत आलो. सविस्तर लिहिते, कारण मला तसं हवं होतं.

दाभोळला सकाळी पोचलो. गाडी लावून लगेच वर गेलो. लेकीला जॅकेट घातलं, आजूबाजूचे बघत होते, एका काकूंनी विचारलंही, "एवढ्याश्या पाण्याला?" सासूबाईंनीच उत्तर दिलं, "पाण्याला काय कळतंय ते एवढंसं आहे?" इंजिनाच्या थरथरीने लेक पाच मिनिटांत झोपली. धोपाव्याला गाडीत जायची घाई केली नाही, बोट पूर्ण टेकल्यावर खाली उतरलो. व्याडेश्वराचं दर्शन फार छान झालं.

मालवणला २७ तारखेला सकाळी धक्क्यावर गेलो. सुट्ट्यांमुळे तुडुंब गर्दी. आमच्यासमोरच्या होडीत माणसं मोजली आणि रंगवलेल्या आकड्याच्या पुढे गेली. खलाशी म्हणाला, "या, बाळाला मांडीवर घ्या." मी सासऱ्यांकडे पाहिलं. सहा वर्षांचे असल्यापासून मनात धरलेली गोष्ट समोर दिसत होती, किल्ल्याची तटबंदी, मधे एवढंसं पाणी. ते म्हणाले, "आज नको. उद्या पहाटे येऊ." आम्ही सुवर्णाताईंकडे चहाला गेलो. तिच्या बाबांनी लेकीला मांडीवर घेऊन जॅकेटचा एकेक पट्टा स्वतः ओढून पाहिला.

दुसऱ्या दिवशी पहिली होडी, सुवर्णाताईंच्या भावाची. मोजकी माणसं, सगळ्यांच्या अंगात जॅकेट. मी आधी रिकाम्या हातांनी उतरून बसले. नवऱ्याने लेकीला धरलं होतं. "आता" म्हटल्यावर ती माझ्या हातात आली. मग सासरे, मग सासूबाई. पाणी खरंच गप्प होतं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पायांमधला पट्टा घासून तिच्या मांडीला लाल वळ उठला आणि ती जाताना पूर्ण वेळ रडली. माझा हात दोनदा पट्टा सैल करायला गेला, दोन्ही वेळा नणंदेने धरला. येताना खाली जाड सुती लेंगा घातला, मग त्रास झाला नाही. बालरोग_कोल्हापूर, वळ दोन दिवसांत गेला.

आत सासऱ्यांनी तिला कडेवर घेतलं आणि चुन्यातला ठसा दाखवला. तिने त्यांच्या चष्म्याला हात घातला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. साडेदहाच्या आत आम्ही परत धक्क्यावर होतो.

आबा, तुमची आठवण काढली.

राजापूरकर_आबा | ४ जानेवारी, संध्याकाळी ५.३०

वाचून बरं वाटलं पोरी. माझी पणती पाच महिन्यांची आहे. सुनेला हा धागा दाखवला.

तनया_नाशिक | ५ जानेवारी, सकाळी ९.४०

मृण्मयी, मार्चमध्ये आम्ही अलिबागला जातोय, मुलगा ७ किलो ४००. जॅकेट देशील का काही दिवसांसाठी? नवीन घेणं सध्या जमणार नाही.

मृण्मयी_पुणे | ५ जानेवारी, सकाळी १०.१५

अगं जरूर. गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवून ठेवलंय. वजन बसतंय, पण फेब्रुवारीतच घेऊन जा, म्हणजे त्याला घरात सवय होईल आणि एकदा पाण्यात घालून बघता येईल. नीट तरंगला नाही तर मला सांग, मी नणंदेला दुसऱ्या मापाचं विचारते. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळव.